लॅक्स्टन : एका इंग्रजी खेड्याचा इतिहास

इंग्रजांचा इतिहास आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. त्यात राजे-राण्या, लढाया, पार्लमेंट आणि ईस्ट इंडिया कंपनी भरपूर भेटतात. इंग्रज शेतकरी मात्र क्वचितच भेटतो. त्याचे खेडे कसे होते, गावची जमीन कशी वाटलेली होती, शेजाऱ्याशी झालेली हद्दीची भांडणे तो कुठे मिटवीत असे, हे आपल्याला फारसे ठाऊक नसते. या लेखात अशा एकाच खेड्याची हकिकत सांगायची आहे.

खेड्याचे नाव लॅक्स्टन. इंग्लंडच्या मध्यभागात नॉटिंगहॅमशर परगण्यात, शेरवुडच्या जुन्या जंगलाच्या पूर्वेला ते वसले आहे. वस्ती दोन-अडीचशे माणसांची. एक जुने चर्च, एक पब, एक मुख्य रस्ता आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेतकऱ्यांची विटांची घरे. गावाबाहेर पडले की मात्र एक गोष्ट नजरेत भरते. इंग्लंडची शेती म्हणजे झुडपांच्या कुंपणांनी आखलेले हिरवे चौकोन, असे चित्र आपल्या मनात असते. लॅक्स्टनला तीन अवाढव्य शेते आहेत आणि त्यांच्या आत एकही कुंपण नाही. मध्ययुगात इंग्लंडच्या मोठ्या भागात अशीच सामाईक शेती चाले. इतरत्र तिचे काही अवशेष उरले आहेत. पण गावचे नियम करणाऱ्या न्यायालयासकट ती चालू राहिली ती लॅक्स्टनलाच. म्हणून ‘न बदललेले खेडे’ अशी त्याची ख्याती झाली. ही ख्याती कितपत खरी आहे आणि गावाची रीत टिकली ती कशाच्या बळावर, हे आपण पाहणार आहोत.

पहिली नोंद

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि वीस वर्षांनी, १०८६ मध्ये, आपल्या राज्यातील गावांची पाहणी करविली. त्या दप्तराला ‘डूम्सडे बुक’ म्हणतात. त्यात लॅक्स्टनची नोंद थोडक्यात आहे. पूर्वी गाव टोकी नावाच्या माणसाकडे होते. आता ते जेफ्री आल्सेलिन या नॉर्मन सरदाराकडे आले असून त्याच्या वतीने वॉल्टर नावाचा माणूस ते सांभाळतो. गावात जमिनीशी बांधलेली २२ कुळे, ७ लहान कुळे आणि काही गुलाम आहेत. गवताची कुरणे ४० एकर आहेत. पूर्वी गावाची किंमत ९ पौंड होती, आता ६ पौंड आहे. सत्तापालटाच्या वीस वर्षांत गाव एक तृतीयांशाने उतरले, एवढे ती कोरडी नोंद सांगून जाते.

पुढे गावाच्या उत्तरेला मातीचा उंच ढीग रचून त्यावर गढी उभारली गेली. गढी केव्हाच नाहीशी झाली. मातीचा ढीग मात्र आजही आहे. एव्हरिंगहॅम हे येथले घराणे शेरवुडच्या राजजंगलाचे वंशपरंपरागत राखणदार होते. त्या घराण्यातील माणसांच्या कोरीव प्रतिमा चर्चमध्ये आहेत. त्यांतली एका स्त्रीची प्रतिमा ओकच्या लाकडात कोरलेली आहे. गावाच्या इतिहासातले सरदारी प्रकरण यापेक्षा लांबवण्याची गरज नाही. खरा इतिहास शेतात आहे.

तीन शेते, तीन वर्षे

लॅक्स्टनच्या तीन शेतांची नावे साधी आहेत : मिल फील्ड, साऊथ फील्ड आणि वेस्ट फील्ड. जुन्या पद्धतीत एका शेतात एका वर्षी हिवाळी गहू पेरायचा, दुसऱ्या वर्षी वसंतात पेरण्याचे जव किंवा वाटाणा यांसारखे पीक घ्यायचे आणि तिसऱ्या वर्षी शेत पड ठेवायचे. तीन शेते या फेऱ्यात एकामागून एक फिरत राहतात. प्रत्येक शेतकऱ्याचे पट्टे तिन्ही शेतांत विखुरलेले असतात. त्यामुळे दर वर्षी प्रत्येकाच्या वाट्याला थोडा गहू, थोडे वसंती पीक आणि थोडी पड जमीन येते. कसदार आणि हलकी, उंच आणि पाणथळ अशा सर्व प्रकारच्या जमिनीची वाटणीही त्यामुळे आपोआप होते.

पट्ट्यांचा आकार लांब आणि अरुंद का, यालाही कारण आहे. गावाची माती चिकण आणि भारी. जड नांगराला जुंपलेला बैलांचा लांबलचक जथा शेताच्या टोकाला वळवणे हे मोठे कष्टाचे काम. तेव्हा वळणे जितकी कमी तितके बरे. तास जितके लांब निघेल तितके चांगले. बैलांना दम न लागता एका दमात जेवढे लांब तास ओढता येई, त्या लांबीला इंग्रजीत ‘फर्लांग’ हे नाव पडले. शब्दाचा अर्थच मुळी ‘तासाची लांबी’. मैलाचे दगड वाचताना आपल्या आजोबांच्या तोंडी असलेला फर्लांग तो हाच. तो पुढे २२० यार्ड असा ठरला. त्याला २२ यार्डांची रुंदी दिली की ४,८४० चौरस यार्ड होतात आणि त्यालाच एकर म्हणतात. एका दिवसात एका नांगराने जेवढी जमीन नांगरून व्हावी तेवढी म्हणजे एकर, अशी जुनी समजूत होती.

हा एकर पुढे मुंबई इलाख्याच्या जमीन मोजणीबरोबर आपल्याकडे आला. १२१ चौरस यार्डांचा एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एक एकर असा मेळ घातला गेला. बेळगाव भागातल्या जमिनीच्या उताऱ्यावर आजही एकर-गुंठे लिहिले जातात. तो आकडा मुळात परदेशी बैलाच्या दमाशी बांधलेला आहे, हे आपण विसरून गेलो आहोत.

पण या शेतीत एक अडचण असते. कापणी झाली की गावाची जनावरे धसकटांवर चरायला सुटत. एकाचा गहू उभा असेल तर सगळ्या गावाची जनावरे अडकून पडत. कुणी मनाला येईल ते पीक पेरले तर फेरा मोडे. कुणी नांगरताना एक-दोन तास शेजाऱ्याच्या पट्ट्यात घातले तर कुंपण नसल्याने ते लगेच दिसतही नसे. अशा शेतीला एकत्र बसून नियम करण्यावाचून गत्यंतर नव्हते. लॅक्स्टनमध्ये ते नियम करणारी सभा म्हणजे ‘कोर्ट लीट’. नावात कोर्ट असले तरी पंच गावचेच शेतकरी असतात. तिच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

गोव्याच्या वाटेवरचा मालक

लॅक्स्टनचा इतिहास इतका बारकाईने सांगता येतो याचे श्रेय एका नकाशाला आहे. १६३५ साली मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराने गावाचा प्रचंड नकाशा काढला आणि त्याबरोबर कोणता पट्टा कोणाकडे याची खतावणी तयार केली. दोन हजारांहून अधिक पट्टे त्यात एकेक करून दाखवले आहेत. नकाशाच्या मोकळ्या जागांत नांगरणारी माणसे, कापणी करणारे मजूर, पवनचक्की, हरणाची शिकार अशी चिमुकली चित्रे आहेत. हा नकाशा आता ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे.

नकाशा करवून घेणारा मालक होता सर विल्यम कोर्टन. हा लंडनचा धनाढ्य व्यापारी. त्याचे वडील धर्मछळामुळे फ्लँडर्समधून पळून आलेले. कोर्टनने बार्बेडोस बेटावर इंग्रज वसाहत बसविण्यासाठी पैसा घातला होता आणि राजालाही कर्जे दिली होती. समुद्रावर मिळवलेला पैसा त्याने गावोगावच्या जमिनींत गुंतवला. लॅक्स्टन हे त्यांपैकीच एक. मालक दूर लंडनला राहणारा, म्हणूनच आपण नक्की काय विकत घेतले आहे हे कागदावर पाहण्याची त्याला गरज वाटली असावी.

या माणसाशी आपल्या किनाऱ्याचाही संबंध आहे. जानेवारी १६३५ मध्ये गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय आणि सुरतेचा इंग्रज अध्यक्ष विल्यम मेथवोल्ड यांच्यात तह झाला आणि पोर्तुगीज बंदरे इंग्रजांना खुली झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस राजा पहिला चार्ल्स याने ईस्ट इंडिया कंपनीला बाजूला सारून कोर्टन आणि त्याच्या भागीदारांना पूर्वेकडच्या व्यापाराची परवानगी दिली. कॅप्टन वेडेलच्या हाताखाली त्यांची जहाजे १६३६ च्या ऑक्टोबरात गोव्याला पोचली. पुढे भटकळ, कारवार, राजापूर येथे या मंडळीने व्यापार मांडला. १६३८ मध्ये कारवारला त्यांची वखार झाली. म्हणजे ज्या वर्षी लॅक्स्टनच्या शेतांत पट्टे मोजले जात होते, त्याच वर्षी त्याच मालकाच्या घरी गोव्याच्या सफरीचे बेत शिजत होते.

कोर्टन स्वतः जहाजे गोव्याला पोचण्याआधीच, १६३६ मध्ये, वारला. त्याच्या मुलाला हा व्यापार झेपला नाही. घराणे कर्जात बुडाले आणि १६४० च्या सुमारास लॅक्स्टन पिअरपाँट घराण्याच्या हाती गेले. गावातल्या कुळांना या सगळ्याची गंधवार्ता किती होती कोण जाणे! मालक बदलला, खंड घेणारा हात बदलला. गव्हाचे शेत त्या वर्षीही ठरल्याप्रमाणे पेरले गेले असेल. एकाकी, जगापासून तुटलेले खेडे ही कल्पना मात्र या एका नकाशाने पार खोटी पडते.

कुंपणे आली

यापुढची तीन शतके इंग्लंडच्या खेड्यांना मुळापासून बदलणारी होती. सामाईक शेते मोडायची, प्रत्येकाचे विखुरलेले पट्टे एकत्र करून सलग तुकडा द्यायचा, गायरान वाटून टाकायचे आणि सर्वांभोवती कुंपण घालायचे, अशी ही लाट होती. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने यासाठी ५,२०० हून अधिक कायदे केले. इंग्लंडची सुमारे एक पंचमांश जमीन त्यांखाली आली. जमीनदारांच्या आपसातल्या करारांनी कुंपणे पडली ती वेगळीच.

याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. सलग जमिनीत नवे पीक घेता येते, जनावरांची निपज सुधारता येते, पाण्याचा निचरा करता येतो, उत्पन्न वाढते. पण ज्याच्याकडे जमीन नव्हती, फक्त एक गाय आणि ती गायरानात चारण्याचा वहिवाटीचा हक्क होता, त्याची गाय गेली. कुंपणाचा खर्च न पेलणाऱ्या लहान शेतकऱ्याने जमीन विकली आणि तो दुसऱ्याच्या शेतावर किंवा गिरणीत मजूर झाला. इंग्रजी कवितेने हे दुःख मनावर घेतले. गोल्डस्मिथची उजाड गावावरची प्रसिद्ध कविता १७७० सालची. शेतमजुराच्या पोटी जन्मलेला जॉन क्लेअर सोळा वर्षांचा असताना, १८०९ मध्ये, त्याच्या हेल्पस्टन गावाच्या कुंपणाचा कायदा झाला. लहानपणच्या हरवलेल्या माळाची हळहळ त्याच्या कवितेतून पुढे कधी गेली नाही.

मग लॅक्स्टन वाचले कसे? गावकऱ्यांनी लढा दिला, जमीनदाराला दया आली, असे उत्तर आपल्याला आवडले असते. हकिकत वेगळी आहे. पिअरपाँट घराण्यालाही कुंपणे हवी होती आणि अठराव्या शतकात गावाच्या काही जमिनीला ती पडलीही. पण गावात दुसरा एक मोठा जमीनमालक होता, शेजारच्या रफर्डचा. दोघांचे पट्टे एकमेकांत गुंतलेले. अदलाबदलीवर त्यांचे एकमत होईना आणि काम खर्चाचेही होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अखेर अदलाबदल झाली, तोवर अमेरिकेचे स्वस्त धान्य येऊन इंग्लंडच्या शेतीला उतरती कळा लागली आणि कुंपणावर पैसा घालण्यात अर्थ उरला नाही. दोन धन्यांच्या हटवादामुळे लॅक्स्टनची शेते पहिल्यांदा वाचली.

याचा परिणाम गावाच्या रचनेवरही दिसतो. इतरत्र कुंपणे पडल्यावर शेतकरी आपापल्या सलग जमिनीवर घर बांधून गावाबाहेर राहायला गेले. लॅक्स्टनच्या शेतकऱ्याची जमीन तीन दिशांना पसरलेली. त्याला गावातच राहणे सोयीचे. म्हणून आजही तेथली शेतकऱ्यांची घरे, गोठे आणि कोठारे मुख्य रस्त्यालाच लागून आहेत. आपल्याकडच्या गावठाणात वाढलेल्या माणसाला ही रचना ओळखीची वाटेल.

पंचांचा दिवस

योगायोगाने वाचलेली गोष्ट पुढे टिकवावी लागते. लॅक्स्टनने ती टिकवली ती कोर्ट लीटच्या जोरावर.

दर वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस, गव्हाची पेरणी झाली की, बारा पंच आणि त्यांचा म्होरक्या गव्हाच्या शेतावर जातात. पूर्वी पायी जात, आता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जातात. कुणी नांगर शेजाऱ्याच्या पट्ट्यात घातला का, सामाईक वाटेवर किंवा शेतातल्या सखल, पाणथळ गवताळ पट्ट्यांवर अतिक्रमण केले का, हे ते पाहतात. हद्द पुसट झाली असेल तेथे नवी खुंटी ठोकतात. खुंटी कुठे ठोकावी यावर वाद होतात, जुनी माणसे आठवणी सांगतात, अंतरे मोजली जातात. मग सगळे गावच्या पबमध्ये जेवायला बसतात. आठवड्याने तेथेच न्यायालय भरते. जमीनमालकाच्या वतीने कारभारी अध्यक्षस्थानी बसतो, पंच आपला अहवाल देतात, चुकणाऱ्याला दंड होतो आणि पुढच्या वर्षीच्या शेतासाठी नवे पंच शपथ घेतात. दंड किरकोळ असतो. ज्याने शेजाऱ्याचे तास चोरले त्याचे नाव सर्वांसमोर वाचले जाते, हाच खरा दंड. गव्हाचे शेत दर वर्षी बदलत असल्याने तीन वर्षांत तिन्ही शेतांची पाहणी पुरी होते.

गावाला अजूनही एक कोंडवाडा आहे आणि भटकी जनावरे कोंडणारा अधिकारीही नेमला जातो. पाणथळ पट्ट्यांवरच्या गवताचा दर उन्हाळ्यात लिलाव होतो. १९७७ च्या एका कायद्याने इंग्लंडमधल्या बहुतेक जुन्या जहागिरी न्यायालयांचे अधिकार संपले. लॅक्स्टनचे न्यायालय आपले काम करीत राहिले.

खरेच न बदललेले?

१८३० साली चार्ल्स मेटकाफ या कंपनीच्या अधिकाऱ्याने हिंदुस्थानातील खेडी म्हणजे छोटी प्रजासत्ताके आहेत, राज्ये येतात-जातात पण ती तशीच राहतात, असे लिहून ठेवले. हे मत फार गाजले. १८६२ ते १८६९ या काळात कलकत्त्यात गव्हर्नर जनरलच्या मंडळात कायदेमंत्री असलेल्या सर हेन्री मेन यांनी परत गेल्यावर, १८७१ मध्ये, पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या ग्रामसमाजांवर पुस्तक लिहिले. युरोपची खेडी एके काळी जशी होती तशी भारताची खेडी आज आहेत, असा त्यांचा सूर. म्हणजे इंग्लंडमध्ये कुंपणे पडत असताना इंग्रज विद्वान आपला हरवलेला गाव आपल्याकडे शोधीत होते, आणि आपले गाव स्थिर, कालातीत आहे असे आपल्यालाच सांगत होते. त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ १९१५ साली आले तेव्हा कुठे कुणब्या-बलुतेदारांच्या देण्याघेण्यासकट, कुरबुरींसकट आतून पाहिलेला गाव मराठीत उभा राहिला.

लॅक्स्टन या जुन्या समजुतीची चांगली परीक्षा घेते. कालातीत म्हणावे असे गाव युरोपात कुठे असेल तर ते हे. पण दप्तर उघडले की काय दिसते? पूर्वीचे ईस्ट फील्ड आता उरले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अर्ल मॅनव्हर्स या मालकाने पट्टे जोडून कमी आणि मोठे केले, कारण चिंधीएवढ्या पट्ट्यांत यंत्र चालेना. तिन्ही शेते मिळून आता सुमारे ४८० एकर उरली आहेत. बैल गेले, घोडे आले, घोडे गेले, ट्रॅक्टर आले. पड शेतात चाऱ्याचे पीक घेण्याची मुभा न्यायालयानेच दिली. शेतकरी डझन-दीड डझनच आहेत आणि ते मालक नाहीत, कुळे आहेत. पंचांच्या यादीत भूमिहीन मजुराला शतकानुशतके जागा नव्हती, हेही विसरून चालणार नाही.

१९३८ साली ऑक्सफर्डचे शेती-अर्थशास्त्रज्ञ ओरविन आणि त्यांच्या पत्नी यांनी १६३५ च्या नकाशावरून लॅक्स्टनचा इतिहास लिहिला आणि गाव विद्वानांच्या नजरेत आले. १९५२ मध्ये अर्ल मॅनव्हर्स यांनी गावाची जमीन सरकारच्या शेती खात्याला विकली. पद्धत चालू ठेवायची हा हेतू होता. १९८१ मध्ये ती क्राउन इस्टेट या राजसंपत्तीच्या संस्थेकडे गेली आणि २०२० मध्ये मॅनव्हर्सच्याच वारसांच्या थोर्सबी इस्टेटने परत घेतली. सत्तर वर्षांत तीनदा खरेदी-विक्री झाली आणि प्रत्येक वेळी गावकऱ्यांना एकच धास्ती होती : नवा मालक पंचांचे ऐकेल ना?

तेव्हा ‘न बदललेले खेडे’ हे बिरुद लॅक्स्टनला शोभत नाही. ते दर वर्षी थोडेथोडे बदलले आणि प्रत्येक बदल एकदा पंचांसमोर मांडून, वाद घालून, लिहून ठेवून केला. पट्ट्याची रुंदी बदलली, नांगर बदलला, पीक बदलले. हद्द मिळून पाहायची आणि मिळून ठरवायची ही रीत तेवढी त्यांनी सोडली नाही. ज्या वर्षी पंच शेतावर जाणार नाहीत, त्या वर्षी ती तीन शेते नुसती मोठी शेते उरतील.

वाचकहो, लॅक्स्टनचा इतिहास कुणा महापुरुषाच्या चरित्रातून लिहिला गेला नाही. तो नकाशा, खतावणी आणि दंडाच्या नोंदी यांतून लिहिला गेला. असे कागद आपल्याकडेही आहेत. मराठी राज्यकारभार जेथे जेथे पोचला तेथे तेथे मोडी दप्तरे राहिली : वतनाचे तंटे, हद्दीचे महजर, पंचांचे निवाडे, वसुलाचे ताळेबंद. बेळगाव भागात, इंदूर-ग्वाल्हेरला, बडोद्याला कितीतरी घरांत आणि कचेऱ्यांत ती रुमालांत बांधून पडली आहेत. त्यांना वाळवी लागते आहे आणि मोडी वाचणारे हात कमी होत आहेत. आपल्यापैकी एकेकाने आपल्या एकेका गावाचा एक रुमाल सोडावा, एक हद्द शोधावी, तिच्यावर कोण भांडले आणि कोणी ती मिटवली हे लिहून काढावे. गावचा इतिहास तेथूनच सुरू होतो.